भरती किती वाजता

लग्न होऊन आली त्याच्या तिसऱ्या दिवशी
द्वारकानं घाटावर विचारलं, भरती किती वाजता?
जाळी धुणाऱ्या बायका गुडघाभर पाण्यात हसल्या.
कराडला कुठली भरती, पोरी.
इथं कोयना कृष्णेच्या अंगावर सरळ चालून येते,
दोघी थबकतात, मग पूर्वेला वळून
एकीचंच नाव लावून जातात.
परत फिरून कोणी येत नाही.

ती गोवळकोटच्या भोयांची, खाडीकाठची.
तिच्याकडं पाणी दिवसातून दोनदा येतं, दोनदा जातं,
आणि मीठ कुठवर चढलंय
हे ती बोट चाखून सांगायची.
इथंही वर्षभर चाखत राहिली.
नुसतंच आहे, म्हणायची. याला कडाच नाही.

मग एकदा तिनं घाटाखालच्या खडकावर
कोळशानं रेघ मारली.
वर धरणाच्या पायथ्याला वीजघर सुरू झालं
की कधीतरी रात्रीतून पाणी इथं पोचतं
आणि रेघ बुडते.
सहा दिवस बघितलं, सातव्या दिवशी म्हणाली,
ही तुमची भरती.
फक्त चंद्राला विचारत नाही.
आता शिंगाड्याला जाळं टाकायचं तर
आम्ही आधी तिची रेघ बघतो.
हसलेल्या बायकाही बघतात.

परवा सासरे आले, राघो जुवळे,
पिशवीत सोडे, थोडं सुकट.
शिवल्या नाहीत, आधीच सांगितलं, विचारू नका.
सह्याद्रीच्या पोटातून तुमचं पाणी
आमच्यात येऊन पडतं.
गावोगाव दिवे लागले की तिकडं सुटतं,
गार, गोडं, नको तेव्हा.
मीठ खाली दाभोळकडं ढकलतं.
मिठामागं कालवं गेली, शिवल्या गेल्या,
चिंबोरी बिळात बसून वाट बघते.
शेंगटी वाढली, खोटं कशाला बोलू.
पण शेंगटीवर पोरींची लग्नं होत नाहीत.

मी काय बोलणार.
आमच्याकडं तेच पाणी कमी, त्यांच्याकडं तेच जास्त,
आणि मधे एक डोंगर.
म्हणून अहिराचं काढलं.
आमच्या बापानं माझ्या सातव्या वर्षी धरलेला,
मनगटाएवढा, पाठ बुळबुळीत,
पोत्यात घातला तर पोतं चालायला लागलं.
तो समुद्रात जन्मतो, बाप म्हणायचा,
आणि सगळं पठार चढून
आमच्या डोहात म्हातारा व्हायला येतो.
त्यानंतर दिसला नाही.
खाली किती भिंती आहेत
कोणी मोजलेल्या नाहीत, म्हणजे आम्ही तरी.

सासऱ्यांनी विडी विझवली.
आमच्याकडं आहेत, म्हणाले.
पोफळीच्या खाली, पाणी बाहेर पडतं तिथं,
मृगात पिल्लं येतात करंगळीएवढी,
ओल्या काँक्रीटला चिकटून
पाण्याच्या तोंडाकडं चढत राहतात.
ऊन आलं की पडतात.
रात्री पुन्हा.
वर काय आहे त्यांना ठाऊक नाही,
वास येतोय एवढंच ठाऊक.

कशाचा वास, हे कोणी विचारलं नाही.
भांडी घासता घासता द्वारका थांबली,
तिनं हात नाकाशी नेला.
हाताला राख होती आणि आमची नदी.

मग उठून तिनं खोलीतला दिवा बंद केला.
अंधारात आम्ही तिघं.
सासरे म्हणाले, एका बल्बानं काय होतंय, बाय.
ती म्हणाली, माहीत आहे.

थोडा वेळ तसाच गेला.
मग टोपलीतले मासे साफ करायचे राहिले होते,
मांजर जवळ आलेलं,
म्हणून तिनंच परत लावला.